राखणीचे पैसे कोणाच्या हातात?

पावसच्या आतल्या बाजूच्या एका वाडीत मे महिन्याच्या अखेरीस आमच्या बचत गटांची बैठक होती. आंबा संपत आलेला, आगोटीची कामे डोक्यावर, त्यामुळे बायका उशिराच जमल्या. विषय नेहमीचेच होते. कर्जाचे हप्ते, रेशनकार्डावरची नावे, एका सुनेला माहेरी पाठवून दिले होते तिचे पुढे काय करायचे. तेवढ्यात मुंबईहून आलेले एक भाऊबंद पडवीत येऊन बसले. देवरुखकडच्या ओळखीच्या माणसाने त्यांना सांगितले होते की तिकडे डोंगरावरचे रान न तोडल्याबद्दल जमीनमालकांना काही मोबदला मिळतो. आपल्या वरच्या डोंगरालाही असे काही मिळेल का, ताईंना माहीत असेल, म्हणून ते विचारायला आले होते. "काही करायचं नाही, फक्त तोडायचं नाही. बसल्या जागी पैसे!"

बायका जरा वेळ गप्प राहिल्या. मग कोपऱ्यातल्या काकींनी विचारले, "आनि भावजी, मंग आमी फाटी आनायची कुटून?"

"आता गॅस आहे ना घरोघरी," भावजी म्हणाले आणि हसले. बायकाही हसल्या, पण एकमेकींकडे बघून.

मी माहिती काढून सांगते म्हटले. ती काढता काढता जे लक्षात आले ते इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न आमच्या एका वाडीपुरता राहणार नाही. रान राखण्याचे पैसे ही कल्पना आता परिषदांमधून उतरून गावात येऊ लागली आहे. उद्या तुमच्याही तालुक्यात कुणी करारनामा घेऊन येईल. तेव्हा आपण बायकांच्या संघटनांनी काय म्हणायचे, हे आधी ठरवलेले बरे.

कल्पना समजायला कठीण नाही. डोंगरावरचे रान उभे असते तेव्हा ते फुकट कामे करीत असते. पाऊस अंगावर झेलते, माती धरून ठेवते, पाणी मुरवते, हवेतला कार्बन लाकडात साठवते, मधमाश्यांना आणि पाखरांना थारा देते. या कामांचा फायदा खालच्या गावाला, शहराला, साऱ्या जगाला मिळतो. ज्याच्या जमिनीत रान आहे त्याला मात्र ते तोडून विकले तरच पैसे मिळतात. म्हणून ज्यांना फायदा होतो त्यांनी राखणाऱ्याला मोबदला द्यावा. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या छोट्या देशाने १९९६ साली तसा वनकायदाच केला आणि १९९७ पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे द्यायला सुरुवात केली. पैसा मुख्यतः इंधनावरच्या करातून येतो. म्हणजे मोटार चालवणारा जंगल राखणाऱ्याला देतो.

आपल्याकडे राखणीला पैसे पडतात ही गोष्ट काही नवी नाही. पावसच्या आसपास कुठल्याही मोठ्या बागेत जा, हंगामात राखणीला नेपाळी माणूस ठेवलेला दिसेल. तो आंबा पिकवत नाही, नुसता राखतो. त्याला पगार द्यावा लागतो याबद्दल कुणा बागायतदाराच्या मनात शंका नसते. मग डोंगर राखला तर ते काम नाही, असे का वाटते?

पावस म्हटले की बाहेरच्यांना स्वामी स्वरूपानंदांचा मठ आठवतो आणि हापूस आठवतो. पण इथल्या सगळ्या सड्यांवर हापूस पहिल्यापासून नव्हता. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, लहान शेतकऱ्यांना शंभर टक्के अनुदान मिळाले. कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली, कलमे लावली. त्यातून घरात पैसा आला हे मी नाकारत नाही, अनेक घरांतल्या मुली त्यावर शिकल्या. पण करवंदी, जांभळी, ऐन-किंजळीचे कितीतरी रान त्यात गेले. म्हणजे रान काढून बाग लावायला सरकारने पैसे दिले. रान तसेच ठेवणाऱ्याला कधी कुणी पै दिली नाही.

हे समजून घ्यायला रत्नागिरी जिल्ह्याची एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. चंद्रपूर-गडचिरोलीसारखे वनखात्याचे जंगल इथे नाही. वनखात्याच्या ताब्यातली जमीन जिल्ह्यात अगदीच थोडी आहे. जी हिरवाई दिसते ती बहुतेक खासगी मालकीची. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे ऐन, किंजळ, फणस, जांभूळ, हिरडा अशा झाडांना परवानगी लागते, पण परवानगी घेऊन किंवा न घेता डोंगरच्या डोंगर व्यापाऱ्याला दिले जातात. व्यापारी एकरकमी सौदा करतो, कटर घेऊन माणसे येतात, आठवड्याभरात उतार बोडका होतो. लाकूड भट्ट्यांत आणि बॉयलरमध्ये जाते, खैर असेल तर काताला. मालकाला मिळणारी रक्कम ऐकली तर हसू येते. पण मुलीचे लग्न किंवा आजारपण समोर उभे असले की तेवढीही मोठी वाटते.

आणि इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तरी एप्रिल-मे मध्ये वाड्यांवर टँकर येतो. ज्या डोंगरावर रान आहे त्याच्या खालचा पऱ्या शिमग्यापर्यंत वाहतो, बोडक्या डोंगराखालचा दिवाळीनंतर आटतो, असे पाणी भरणाऱ्या बायका सांगतात. शास्त्रज्ञ म्हणतात की झाडेही पाणी पितात, म्हणून झाडे वाढली की पाणी वाढलेच, इतके हे सरळ नाही. पण उघड्या उतारावरून पाणी माती घेऊन धावत सुटते यात वाद नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले आणि त्याच दिवसांत खेड तालुक्यात पोसऱ्याला दरड कोसळली. प्रत्येक दरडीचे कारण वृक्षतोडच असते असे म्हणण्याचा उतावीळपणा मी करणार नाही. पण राखलेल्या रानाचा हिशेब आपण मांडतच नाही, तो मांडला पाहिजे.

भावजींनी ज्या देवरुखकडचे सांगितले तिथे, म्हणजे संगमेश्वर तालुक्यात, पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था नव्वदच्या दशकापासून काम करते. अर्चना गोडबोले या तिच्या संस्थापकांपैकी एक. आधी देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राने, आणि मग खासगी जमिनीवरचे जंगल, असा त्यांचा प्रवास झाला. जमीनमालकांशी करार करायचा, त्यांनी ठरावीक वर्षे तोड करायची नाही आणि त्या बदल्यात मोबदला घ्यायचा, ही पद्धत त्यांनी इथे आणली. दुसरीही एक वाट काढली. बेहड्याच्या जुन्या उंच झाडांच्या ढोलीत धनेश घरटे करतो. ते झाड लाकडासाठी विकण्याऐवजी त्याची फळे गोळा करून, वाळवून, औषधी मालाच्या परदेशी बाजारात फेअरवाइल्ड या प्रमाणपत्रासह विकली, तर झाड उभे राहते आणि पैसेही येतात. (धनेशाच्या नराचे कौतुक शिबिरांत फार होते, तो ढोलीतल्या मादीला चोचीने फळे भरवतो म्हणून. मादीला महिनोन्‌महिने कोंडून घ्यावे लागते त्याबद्दल कोणी बोलत नाही!)

मला या दोन वाटांत दुसरी अधिक जवळची वाटते. पहिलीत काही न करण्याचे पैसे आहेत, ते मालकाला मिळतात. दुसरीत गोळा करण्याचे, वाळवण्याचे, निवडण्याचे काम आहे, आणि ते काम बायकांच्या हातचे आहे. पण त्याचेही पैसे आपोआप बाईच्या हातात पडत नाहीत. ते पुढे बोलू.

आपल्या देशात जंगलाचे पैसे कुणी देत नाही असे नाही. देतात, आणि भरपूर देतात. पण कधी? जंगल तोडताना. खाण, धरण, रस्ता यांसाठी वनजमीन घेतली की जंगलाच्या सेवांची किंमत म्हणून रक्कम भरावी लागते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केलेले दर हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजार रुपयांपर्यंत होते. या पैशांसाठी २०१६ साली कायदा झाला आणि २०१९ मध्ये साचलेले सुमारे ४७ हजार कोटी रुपये केंद्राने राज्यांकडे वर्ग केले. ते गेले वनखात्यांकडे. ज्या गावाचे जंगल गेले त्या गावातल्या बाईला त्यातले काय दिसले? फार तर रोपवाटिकेवरची मजुरी. दुसरीकडे चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांचा वाटा राज्यांत वाटताना जंगलाला साडेसात टक्के वजन दिले, पंधराव्याने ते दहा टक्के केले. म्हणजे जंगल राखल्याबद्दल राज्याच्या तिजोरीला पैसे मिळतात. ती तिजोरी डोंगरापर्यंत उतरत नाही.

माधव गाडगीळ समितीने २०११ च्या पश्चिम घाट अहवालात हेच उलटे करायला सांगितले होते. देवराया राखणारे, तीव्र उतारावरची नैसर्गिक झाडी न तोडणारे शेतकरी, यांना संवर्धनाच्या सेवेचे शुल्क द्या, असे त्यात होते. त्या अहवालाविरुद्ध कोकणात किती आरडाओरडा झाला ते आपण पाहिले. घर बांधता येणार नाही, विहीर खणता येणार नाही, असे गावोगाव सांगितले गेले. पैसे द्यायला सांगितले होते हे मात्र कोणी सांगितले नाही. अहवाल बाजूला पडला, दुसरी समिती आली. संवेदनशील क्षेत्राचे मसुदे २०१४ पासून निघत राहिले, सहावा जुलै २०२४ मध्ये निघाला. बंधने कागदावर येत गेली, मोबदल्याचे नाव निघेनासे झाले.

आता आपल्यातल्याच काही मैत्रिणींचा आक्षेप. एका शिबिरात मी हा विषय काढला तेव्हा एकजण संतापून म्हणाली, "आईच्या दुधाचेही पैसे लावाल उद्या!" निसर्गाला किंमत लावली की तो बाजारात आला, आणि बाजारात आलेले गरिबाच्या हातून जाते, असे तिचे म्हणणे. या म्हणण्यात तथ्य आहे. परदेशातल्या कारखान्याने धूर सोडत राहायचे आणि आमच्या डोंगराला चार पैसे देऊन हात धुवायचे, हा कार्बनच्या बाजारातला व्यवहार मलाही पटत नाही.

पण मैत्रिणींनो, हा युक्तिवाद आपण दुसरीकडे ऐकलेला आहे. घरकामाबद्दल! आईच्या मायेला मोल नसते, गृहिणीच्या कामाचे पैसे कसे करणार, असे म्हणत आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवले. अमोल म्हणायचे आणि बिनमोल घ्यायचे, ही युक्ती जुनी आहे. न्यूझीलंडच्या मेरिलिन वेअरिंग यांनी १९८८ साली 'इफ विमेन काउंटेड' या पुस्तकात दाखवले की राष्ट्रीय उत्पन्न मोजताना बाईचे घरातले काम आणि निसर्गाचे काम, दोन्ही एकाच रीतीने हिशेबाबाहेर ठेवले जातात. झाड तोडले की उत्पन्न वाढते, उभे असले की शून्य. बाई हॉटेलात भाकऱ्या थापते तेव्हा उत्पन्न, घरी थापते तेव्हा शून्य. मोजले म्हणजे विकले असे नव्हे. न मोजल्याने काय होते ते मात्र आपण चांगले भोगले आहे. म्हणून मोबदल्याच्या कल्पनेला माझा विरोध नाही. माझा प्रश्न काकींचा आहे.

रान न तोडण्याची किंमत कोण मोजतो, ते बघू. व्यापाऱ्याचा सौदा सोडून मालक जी रक्कम गमावतो ती दिसते, तिचा हिशेब करारात होतो. पण त्या रानावर रोजचे अवलंबून कोण असते? चुलीला फाटी आणणारी बाई. भाजावळीसाठी कवळ आणि पातेरा वाहून आणणारी बाई. गुरे सोडणारी, करवंदे-तोरणे विकून मुलांच्या वह्या घेणारी बाई. उज्ज्वला योजना २०१६ पासून आली, शेगड्या घरात आल्या, हे चांगलेच झाले. पण सिलिंडर परवडत नाही म्हणून तो चहाला आणि पाहुण्यांना, भात-पेज चुलीवर आणि न्हाणीचे पाणी तर लाकडावरच, हे कोकणातल्या कुठल्याही वाडीत संध्याकाळी फिरून बघा. पावसाळ्याच्या चार महिन्यांची लाकडे आगोटीला भरून ठेवावी लागतात. आमच्या बैठकीतल्या बायका उन्हाळ्यात सकाळी एक भारा आणि जमले तर उन्हे कलल्यावर दुसरा आणतात. बहुतेक वाळके लाकूड, काही ओले. व्यापाऱ्याच्या कटरपुढे त्यांचा कोयता म्हणजे काय! पण करारात "कोणत्याही प्रकारची तोड करणार नाही" असे एक वाक्य आले, की पहिला दंड तिला होतो. भावजी मुंबईला असतात, त्यांना चुलीची धग लागत नाही.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. हिमाचलमधल्या पालमपूर शहराला बोहल या झऱ्याचे पाणी येते. २०१० मध्ये नगरपरिषदेने वरच्या गावांच्या वनसमितीशी वीस वर्षांचा करार केला. वर्षाला दहा हजार रुपये नगरपरिषदेने द्यायचे आणि गावांनी त्या जंगलातली चराई, लाकूडतोड आवरायची. आपल्या देशातला असा करार म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि शहराने गावाचे ऋण मान्य केले हे कौतुकाचे आहेच. पण दहा हजार म्हणजे महिन्याला साडेआठशेसुद्धा पडत नाहीत. एका घराचा गॅस त्यात भागेल की नाही सांगता येत नाही, आणि तिथे तर गावेच्या गावे आहेत. लाकूड आणायला लांब जाण्याचे कष्ट कोणाच्या पायांनी उचलले, हे त्या दहा हजारांत कुठे धरले आहे?

इथे मला चिपकोची आठवण येते. रेणी गावात २६ मार्च १९७४ ला ठेकेदाराची माणसे आली तेव्हा पुरुष गावात नव्हते. सैन्याने घेतलेल्या जमिनींची नुकसानभरपाई मिळणार म्हणून ते चमोलीला गेले होते. गौरा देवी आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी झाडे अडवली. ती गोष्ट आपण शिबिरात पन्नास वेळा सांगतो, पण पुरुष कशासाठी गेले होते हा भाग गाळून सांगतो. मोबदल्याचे बोलावणे पुरुषांना आले होते.

आपल्याकडेही तसेच होणार, कारण मोबदला सातबाऱ्यावर मिळणार. त्या दिवशी बैठकीत मी सहज विचारले, सातबाऱ्यावर कोणाकोणाचे नाव आहे? हात वर झाले ते बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातल्या बहुतेकजणी विधवा. नवरा गेल्यावर वारस म्हणून नाव लागलेले. म्हणजे आपल्या जमिनीची मालकीण व्हायला नवरा मरावा लागतो! एक वहिनी म्हणाली, "माजं नाव न्हाय, पन डोंगराचा रस्ता माज्याच पायाखाली हाय." २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. कारण उघड आहे, पुरुष मुंबईत. घर, गुरे, शेत, सासू-सासरे, डोंगर, सारे बायकांनी सांभाळायचे आणि सातबारा चाकरमान्यांच्या नावे. त्यातही एका गटात वीस-पंचवीस सहहिस्सेदार, काहींचे पत्ते बोरिवली-परळचे, काहींचे कोणालाच माहीत नाहीत. करार करायचा तर सह्या त्यांच्या घ्याव्या लागतात. गणपतीला येतील तेव्हा.

कोस्टा रिकाची कथाही यापेक्षा फार वेगळी नाही. तिथेही सुरुवातीच्या वर्षांत पैसा मोठ्या आणि कागदपत्रे चोख असलेल्या मालकांकडेच जास्त गेला अशी टीका झाली. अलीकडे तिथे महिला मालकांच्या अर्जांना प्राधान्य देण्याचे पाऊल उचलले गेले आहे. ते हवेच. पण मालकीण असायला आधी मालकी हवी.

मालकीचे म्हणाल तर महाराष्ट्रात कायदे कमी झालेले नाहीत. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून. १९९२ साली शासनाने परिपत्रक काढून नवऱ्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने केली, २००५ मध्ये ती देशभर झाली. तरी अजून भाऊबीजेच्या आसपास बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती करते. उद्या डोंगराला पैसे मिळू लागले की ही हक्कसोडपत्रे अधिक घाईने होतील, अशी मला भीती आहे. जमिनीला भाव आला की पहिल्यांदा बाईचे नाव पुसले जाते, हे महामार्गाच्या भूसंपादनात आम्ही बघितले आहे.

उलट चांगले उदाहरणही कायद्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहितांच्या बाबतीत पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, असे स्पष्ट लिहिले आहे. वनजमिनीच्या पट्ट्याला जे लागू होते ते रान राखण्याच्या कराराला का लागू करता येऊ नये? करार खासगी असला तरी पैसे देणारा अट घालू शकतो. फळे कशी तोडायची, किती झाडावर ठेवायची याच्या अटी घालतात, मग खाते जोडीचे असावे ही अट जड का वाटावी?

देवरहाटीचा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते अधिक अवघड आहे. कोकणातली जुनी, सदाहरित, खरी घनदाट झाडी देवरहाटीतच उरली आहे. जमीन कागदावर बहुतेक ठिकाणी महसूल खात्याची, कारभार गुरव, मानकरी, गावकरी यांचा. त्या बैठकीत बाई बसत नाही. काही रहाटींत तर बायकांनी पाऊलही टाकायचे नाही असा रिवाज. देवाच्या धाकाने रान राहिले हे खरे आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण तिथे मोबदला आला तर तो देवळाच्या नव्या सिमेंटच्या सभामंडपात जातो, हे मी बघितले आहे. मंडपासाठी चार जुनी झाडे तोडतात तेही बघितले आहे. ज्या रहाटीतून निघालेल्या झऱ्यावर बाई पाणी भरते, त्या रहाटीच्या पैशांबद्दल तिने बोलू नये असे कोणता देव सांगतो?

मग करार आला तर आपण काय मागायचे? माझ्या मनात जे आहे ते सांगते, त्यात भर घाला, चूक असेल ते खोडा. पहिली गोष्ट, बंदीच्या आधी पर्याय. निर्धूर चूल, बायोगॅस, सिलिंडरचे पैसे, न्हाणीच्या पाण्याचा बंब, जे ठरेल ते आधी घरात यावे आणि मग डोंगरावर बंदी यावी. आज उलट क्रम असतो. वाळके लाकूड, पातेरा, फळे गोळा करण्याचा हक्क करारात लिहून घ्यायचा, आणि तो सातबाऱ्यावर नाव असो-नसो, त्या वाडीत राहणाऱ्या बाईला असावा. भूमिहीन घरांनाही. आमच्याकडे बौद्धवाडीला डोंगरात जमीन नाही, पण फाटी त्याच डोंगरातली. मालकाला मिळणाऱ्या रकमेतून काही भाग राखणाऱ्यांच्या गटाकडे जावा, आणि राखण ही बसल्या जागची गोष्ट नाही हेही लिहावे. वणवा विझवायला कोण धावते? फेब्रुवारी-मार्चमध्ये गवताला आग लागली की मुंबईचा हिस्सेदार येत नाही. झावळ्या, डहाळे घेऊन बायकाच धावतात. त्या कामाची मजुरी धरा.

आणि हे सारे ग्रामसभेपुढे यावे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. किती गावांत ती खरोखर होते, आणि किती ठिकाणी घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेतात, ते कार्यकर्त्यांना सांगायला नको. रान राखण्याचा करार हा ती सभा खरी भरवायला चांगला विषय आहे. हळदीकुंकवाला जमतात त्याहून जास्त बायका यायला हव्यात.

कोणी म्हणेल, इतक्या अटी घातल्या तर पैसे देणारा पळून जाईल. जाईलही. संगमेश्वरसारखे काम करणाऱ्या संस्थांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पंचवीस हिस्सेदारांच्या सह्या मिळवतानाच त्यांचा जीव जातो, त्यात आम्ही बायकांचा मुद्दा घेऊन उभ्या. पण ज्या करारात रोज डोंगर चढणारीचे नाव नाही तो टिकतही नाही, असे मला वाटते. बाईला लाकूड लागणारच. दिवसा नाही नेता आले तर ती रात्री नेईल, आणि मग राखणदाराने तिला पकडायचे. वनखात्याने शंभर वर्षे तेच केले. आपल्याला ते पुन्हा खासगी पैशाने करायचे आहे का?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्या वाडीत गेले. भावजी मुंबईला परतले होते, फोनवर दोनदा विचारून झाले होते. मी मला मिळालेली माहिती सांगितली, कोणताही प्रस्ताव आपल्या डोंगरासाठी आजतरी नाही हेही सांगितले. मला वाटले बायका म्हणतील, मग कशाला डोकेफोड. पण काकी उठल्या आणि मला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. भिंतीवर कोळशाने रेघा मारलेल्या होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून. मेच्या बैठकीपासून त्यांच्या घरात आलेला प्रत्येक भारा तिथे होता. वाळक्याची रेघ उभी, ओल्याची आडवी. शेजारच्या दोन घरांतही तशाच रेघा सुरू झाल्या होत्या. पावसाने भिंत ओली व्हायच्या आत त्या वहीत उतरवून घ्यायच्या होत्या, कारण काकींना लिहिता येत नाही आणि सून माहेरी होती. मी बसून उतरवून घेतल्या. दिवाळीनंतर लाकडाचा हंगाम पुन्हा सुरू झाला की सगळ्या वाडीने रेघा मारायच्या आणि शिमग्याला हिशेब करायचा, असे ठरले आहे. भावजींना फोनवर तेवढेच कळवले.